नसलेला वस्ताद

बेळगुंदीच्या बाजूला जत्रेत कुस्त्यांचं मैदान झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवरच्या पेपराला उसंत नसायची. गंमत म्हणजे पेपर ओढणारे सगळे आदल्या दिवशी मैदानातच बसलेले. निकाल ठाऊक, पैलवान ठाऊक, इनामाचा आकडाही ठाऊक. तरी पेपर हवाच. गर्दीत आणि धुरळ्यात आपल्याला एवढंच दिसलेलं असतं की खालचा वर आला आणि वरचा पाठीवर पडला. पेपरात छापून येतं की अमक्यानं ढाक लावली, तमक्यानं घिस्सा मारला. डावाचं नाव कळलं की तीच कुस्ती डोळ्यांपुढे पुन्हा होते, आणि या खेपेला नीट दिसते. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. ती लढत आपल्या सीमाभागातल्या बहुतेकांनी पाहिली ती छापील अक्षरांतच.

छापील अक्षर लढतीचं काय करू शकतं, हे मला पुढे एका जपानी व्हिडिओ गेममुळे जास्त कळलं.

नव्वदच्या दशकात आम्ही बेळगुंदीची पोरं कॉलेजच्या निमित्तानं बेळगावला जायला लागलो. खडेबाजाराच्या बाजूला एका बोळात गेमचं दुकान होतं. आत अंधार, घामाचा वास, आणि रांगेत उभी चार-पाच लाकडी पेटाडं. एक रुपयाचं नाणं टाकायचं, दांडी धरायची. एका पेटाडात पांढऱ्या कपड्यातला एक अनवाणी कराटेवाला होता. त्याच्या दोन तळव्यांतून मधूनच निळा आगीचा गोळा सुटायचा. आमच्यातल्या कुणालाच तो काढता येत नव्हता. सगळी बटणं एकदम दाबून बघितली, दांडी उखडेपर्यंत हलवून बघितली. शहापूरचा एक पोरगा मात्र हुकमी गोळा काढायचा, आणि काढताना दांडीवरच्या हातापुढे अंग आडवं घालायचा.

"कसं काढलास रे?"

"आलं बघ की आपोआप."

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तो असा.

त्या गेमचं नाव 'स्ट्रीट फायटर टू'. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं १९८७ साली पहिला 'स्ट्रीट फायटर' काढला, पण तो दुसऱ्या भागाइतका गाजला नाही. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या दोघांनी दुसऱ्या भागाचा आराखडा केला आणि तो १९९१ च्या सुरुवातीला जपानच्या खेळघरांत आला. आठ लढवय्ये, त्यातला कुणीही आपण निवडायचा. रियू आणि केन हे दोन गुरुबंधू. चुन ली ही चिनी मुलगी, गाइल हा अमेरिकी सैनिक, होंडा हा सुमो पैलवान, ब्राझीलच्या जंगलातला हिरवा ब्लांका, रशियाचा धिप्पाड झँगिएफ. आणि आपला धालसिम: गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून ज्वाळा, मागे झुलणारे हत्ती. योगासनं करणारा माणूस तोंडातून आग काढतो ही जपान्यांची समजूत पाहून आम्हाला हसू यायचं, पण खेळताना पहिल्यांदा निवडायचो त्यालाच.

दांडी आठ दिशांना हलायची, आणि बटणं सहा: तीन बुक्क्यांची, तीन लाथांची, हलकी, मधली, जड. एवढं पाहून कळायचं. न कळणारी गोष्ट अशी, की ठरावीक क्रमानं दांडी फिरवून नेमक्या क्षणी बटण दाबलं तरच खास डाव निघे. निळ्या गोळ्यासाठी दांडी खाली, मग खाली-पुढे तिरपी, मग पुढे, आणि लगेच बुक्की. उसळी मारून हनुवटीवर ठोसा द्यायचा तर आधी पुढे, मग खाली, मग तिरपी. गाइलचं तंत्र निराळं. दांडी मागे ओढून क्षणभर दम धरायचा आणि मग झटक्यात पुढे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, आणि यंत्र तुमच्या हाताचा हिशेब त्या मापानं ठेवतं. जरा उशीर झाला की गोळ्याऐवजी नुसती बुक्की.

झँगिएफ हा तर पैलवानच. त्याचा मोठा डाव म्हणजे समोरच्याला उचलून, गरगर फिरवत डोक्यावर आपटायचं. त्यासाठी दांडी गोल फिरवायची. आता अडचण अशी की दांडी वर गेली की गडी उडी मारतो, आणि उडी मारलेल्या पैलवानाला पकड कुठली? मग हे जमतं कसं? उडी सुरू व्हायच्या आत बटण दाबायचं. नाहीतर आधीची एखादी बुक्की हवेत मारून तिच्या आडून दांडी फिरवून घ्यायची. आखाड्यातही पट काढायच्या आधी हात दाखवून समोरच्याचं लक्ष वर नेतात, त्यातलाच प्रकार.

पेटाडावर चिकटवलेल्या कागदात यातलं फार थोडं असे. काही गोष्टी तर खुद्द कंपनीच्याही मनात नव्हत्या. एकामागून एक असे फटके जोडत नेले की समोरच्याला मध्ये सुटकाच मिळत नाही. आज ज्याला 'कॉम्बो' म्हणतात, तो प्रकार मूळ आराखड्यात नव्हता. गाडी फोडायच्या मधल्या फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना तो दिसला. इतका अचूक वेळ साधणं लोकांना जमणार नाही, असं समजून त्यांनी तो तसाच राहू दिला. लोकांना जमलं. पण कुणीतरी ते लिहून ठेवायला हवं होतं, आणि इथे मासिकं आली.

अमेरिकेतलं 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' हे मासिक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह हॅरिस यांनी सुरू केलं. त्याचे काही जुने अंक मला खूप नंतर, पुण्यात नोकरीला असताना रद्दीच्या दुकानात मिळाले. गुळगुळीत कागद, भडक रंग, एका पानावर तीस-तीस छोटी चित्रं. प्रत्येक नव्या गेमला चार जण स्वतंत्रपणे दहापैकी गुण द्यायचे. ही पद्धत जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकाची. चौघांतला एक 'सुशी-एक्स' या टोपणनावानं लिहायचा. त्याचा चेहरा निन्जासारखा झाकलेला. हाणामारीचा गेम असला की तो खुलायचा, आणि बाकी काही असलं की गुण देताना त्याचा हात आखडायचा.

'स्ट्रीट फायटर टू'ला या मासिकानं अक्षरशः डोक्यावर घेतलं. प्रत्येक लढवय्याचे डाव बाणांनी काढून दाखवले, कुणाविरुद्ध कोणता डाव चालतो आणि कोणता अंगाशी येतो ते सांगितलं. १९९२ साली हा गेम निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला आणि त्या एका आवृत्तीच्या ६३ लाख प्रती खपल्या. म्हणजे खेळघर जवळ नसलेल्या लाखो मुलांच्या घरात पेटाड आलं, पण शहापूरचा पोरगा आला नाही. त्याची जागा मासिकानं घेतली. निन्टेन्डोचं स्वतःचं 'निन्टेन्डो पॉवर' हे मासिकही तेच करत होतं, फक्त दुकानदारानं स्वतःच्या मालाचं कौतुक करावं तसं.

यात धंदा होताच. मुखपृष्ठावर रियू असला की अंक उठायचा, म्हणून दर महिन्याला काही ना काही छापायला हवं. कॅपकॉमही पुरवठा कमी पडू देत नव्हती. १९९१ ते १९९४ या काळात त्याच दुसऱ्या भागाच्या एकापाठोपाठ पाच आवृत्त्या निघाल्या. कॅपकॉमला दोनच्या पुढे मोजता येत नाही, अशी चेष्टा तेव्हा चालायची. खरा तिसरा भाग यायला १९९७ उजाडलं. मधल्या काळात मासिकांची भूक वाढत गेली, आणि भुकेल्या माणसाला कुणी काय वाढलं ते बघायची शुद्ध नसते.

एका वाक्यापासून सगळं सुरू झालं. रियू जिंकला की पडद्यावर त्याच्या तोंडी एक बढाई उमटायची. मूळ जपानी वाक्याचा अर्थ साधा होता: माझा शोर्युकेन मोडल्याशिवाय तू मला हरवू शकणार नाहीस. शोर्युकेन म्हणजे तोच उसळी मारून दिलेला ठोसा. शब्दशः 'उगवत्या ड्रॅगनची बुक्की'. भाषांतर करणाऱ्यानं त्यातल्या अक्षरांचा चिनी उच्चार घेतला, 'शेंग लाँग', आणि तो एखाद्या माणसाचं नाव असावा तसा वाक्यात बसवला. इंग्रजीत वाक्य झालं: टिकायचं असेल तर आधी शेंग लाँगला हरवावं लागेल.

आनंदीबाईंच्या 'ध'चा 'मा' झाला तेव्हा एका पेशव्याचा जीव गेला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इथे उलटं झालं. अक्षराच्या घोळातून एक माणूस जन्माला आला.

हा शेंग लाँग कोण? पोरांना वाटलं, रियूचा वस्ताद असणार. गेममध्ये तो कुठेतरी लपला असणार. पण कुठे? अमेरिकेतल्या खेळघरांतून हाच प्रश्न. १९९२ च्या एप्रिलच्या अंकात 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'नं उत्तर छापलं, सोबत चित्रांचा पुरावा. कृती अशी: रियू घ्यायचा. एकही फटका न खाता शेवटच्या शत्रूपर्यंत, म्हणजे बायसनपर्यंत पोहोचायचं. तिथे त्याला मारायचं नाही आणि त्याचा मारही खायचा नाही. वेळ संपवत फेऱ्या बरोबरीत सोडवायच्या, एकामागून एक दहा. मग एक म्हातारा वस्ताद उडी मारून येतो, बायसनला उचलून बाजूला फेकतो आणि स्वतः तुमच्यासमोर उभा राहतो.

या युक्तीचं मला अजूनही कौतुक वाटतं. ती तपासताच येत नाही. बायसनसमोर दहा फेऱ्या न मारता, न मार खाता काढणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे जो हरेल तो म्हणणार, माझंच कुठेतरी चुकलं. गावात कुणी सांगितलं की अमावास्येला राकसकोपच्या तळ्याला मागे वळून न बघता शंभर फेऱ्या घातल्या की धन दिसतं, तर ते खोटं कोण पाडणार? नव्व्याण्णवाव्या फेरीला मान वळतेच.

खाली युक्ती पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव दिलं होतं. गावाचं नाव 'फुल्डिजेन', राज्य 'एच.ए.'. मोठ्यानं म्हणून पाहिलं की इंग्रजीत ऐकू येतं: 'पुन्हा फसलात, हा!' अंक एप्रिलचा होता, आणि एप्रिलफूल करण्याचा प्रघात या मासिकात होता. पण मोठ्यानं वाचतो कोण? पोरांनी नाण्यांच्या थैल्या रिकाम्या केल्या. इतर काही मासिकांनी ही कृती न तपासता जशीच्या तशी उचलली. घरगुती यंत्रावरच्या आवृत्तीत तर मूळ वाक्यच बदललं होतं. तिथे शेंग लाँगऐवजी सरळ 'ड्रॅगन पंच' असं आलं. तरी शोध थांबला नाही. वर्षाच्या शेवटी मासिकानं कबूल केलं की ती चेष्टा होती. पण खोटी बातमी छापायला अर्धं पान पुरतं, आणि ती मागे घ्यायला वर्षभराचे अंकही अपुरे पडतात.

खरी मजा पुढेच. १९९४ साली कॅपकॉमनं 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' काढला. त्यात काही अटी पूर्ण करत तुम्ही बायसनपर्यंत पोहोचलात की अचानक एक तिसराच माणूस येतो, बायसनला क्षणात संपवतो आणि तुमच्यासमोर उभा राहतो. त्याचं नाव अकुमा, जपानीत गोकी. मासिकाच्या चेष्टेतलं दृश्य आता यंत्रात होतं. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही. मासिकानंही मग हा विनोद सोडला नाही. १९९७ मध्ये तिसऱ्या भागाच्या वेळी आणि २००८ मध्ये चौथ्या भागाच्या वेळी शेंग लाँग पुन्हा एप्रिलच्या अंकात अवतरला. आणि २००९ च्या फेब्रुवारीत 'स्ट्रीट फायटर फोर'ची घरगुती आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात रियू-केनचा खराखुरा वस्ताद खेळायला मिळाला. नाव गोकेन. सतरा वर्षं पोरं ज्याला शोधत होती तो माणूस अखेर सापडला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जानेवारी २००९ मध्ये, 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' बंद पडल्याची घोषणा झाली होती. पुढच्या वर्षी हॅरिस यांनीच ते पुन्हा चालू केलं, पण तोवर छापील मासिकाचा जमाना उतरला होता.

अशी गोष्ट एकदाच घडली असती तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. 'मॉर्टल काँबॅट' या अमेरिकी गेमच्या हिशेबाच्या पडद्यावर 'अर्मॅक्स' असा एक शब्द दिसायचा. तो संगणकी आज्ञावलीतल्या चुकांची मोजदाद होता, इतकंच. पोरांनी त्याचा लाल कपड्यातला छुपा निन्जा केला, आणि त्याच मासिकात १९९३ साली त्याचं चित्रही छापून आलं. गेमच्या निर्मात्यांनी आधी त्याची खिल्ली उडवली आणि १९९५ मध्ये मुकाट्यानं अर्मॅक नावाचा लाल निन्जा गेममध्ये घातला. वाचकांनी मागितलेला पैलवान आखाड्यात उतरवल्यासारखंच.

जपानमध्ये मासिकाचा खेळाशी संबंध आणखी जवळचा होता. तिथे १९८६ पासून 'गेमेस्ट' नावाचं मासिक निघे, फक्त खेळघरातल्या गेमना वाहिलेलं. त्याचे लेखक हे स्वतः पट्टीचे खेळाडू. दिवसा पेटाडापुढे, रात्री लिहायला. वस्तादानंच वार्तांकन करावं तसा प्रकार. त्यामुळे लेखनात जी बारीक नजर होती, ती अमेरिकी अंकांत मला कधी दिसली नाही. कोणता फटका किती लांब पोचतो, कोणता मारल्यावर हात परत यायला किती वेळ लागतो, समोरच्यानं अडवला तर आपण उघडे पडतो की नाही, याचे तक्ते. धालसिमचा लांब हात आपल्याला भीतीदायक वाटतो. पण तो लांबलेला हात परत येईपर्यंत धालसिम असहाय असतो आणि त्या हातावरही मार बसतो, हे एकदा समजलं की भीती अर्धी होते.

गेमेस्ट मात्र आज लक्षात राहिलंय ते त्याच्या छपाईच्या चुकांसाठी. मजकूर हातानं लिहून जायचा, घाईत लिहिलेला, आणि अक्षरं जुळवणाऱ्याला या खेळांचा गंध नसायचा. 'झँगिएफचा सुपर लॅरिअट' असं लिहिलेलं छापून आलं 'झँग्युराचा सुपर उरिआज्जो'. जपानी अक्षरं एकमेकांसारखी दिसतात: 'रा'ची आडवी रेघ जरा फराटली की 'उ', 'तो'ला एक रेघ जास्त गेली की 'वर' असा अर्थ असलेलं चिन्ह. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यात 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' व्हायचा, तसंच. दुसरी चूक तर आपल्याच नावाची. गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेमवर लिहिताना लेखकानं म्हटलं होतं, इथे हँडल उजवीकडे वळवा. छापून आलं, 'भारतीय माणसाला उजवीकडे!' 'हँडल' या जपानी शब्दात मधलं 'न्दो' तेच, फक्त पहिलं अक्षर बिघडलं आणि शेवटच्या 'रु'चा 'माणूस' झाला. जपानी गेमरांमध्ये ही दोन वाक्यं आजही म्हणीसारखी वापरली जातात. झँगिएफसाठी वापरलेलं ते निरर्थक नाव आता खऱ्या नावाइतकंच प्रसिद्ध आहे.

प्रकाशन संस्था बुडाली आणि १९९९ मध्ये गेमेस्ट संपलं. त्याची जागा 'आर्केडिया'नं घेतली. या मासिकानं २००३ पासून 'तोगेकी' नावाची स्पर्धा भरवली. 'सुपर बॅटल ऑपेरा' असंही तिचं नाव. परदेशातले खेळाडूही तिथे धडपडत पोचायचे. डाव शिकवणारे तेच, मैदान भरवणारे तेच आणि निकाल छापणारेही तेच. आपल्याकडे एखाद्या वर्तमानपत्रानं कुस्ती मैदान भरवलं तर त्याच्या निकालावर शंका घेणारे चार जण तरी निघतील. जपानमध्ये कुणी घेतली असेल तर ती माझ्या वाचनात नाही, पण मला घ्यावीशी वाटते.

एवढं वाचून झाल्यावर खडेबाजाराच्या बोळातल्या एका कोड्याचा उलगडा झाला. त्या दुकानातल्या एका पेटाडात रियू हवेत उडतानाही गोळे सोडायचा, आणि ते गोळे वेलीसारखे वळत समोरच्याच्या मागे लागायचे. शेजारच्या दुकानातल्या रियूला ते जमायचं नाही. आम्ही समजायचो, ते दुकान भारी. प्रत्यक्षात आमच्याकडे मूळ बोर्ड नव्हताच. कुणीतरी कॅपकॉमची आज्ञावली उघडून मनासारखे बदल केले होते आणि त्या नकली बोर्डाला जगभर 'रेनबो एडिशन' म्हणून ओळखत. अशा बोर्डांनी खेळघरं भरली, तेव्हा कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतल्या जेम्स गोडार्ड यांनी तो प्रकार पाहिला, आणि वेगवान 'हायपर फायटिंग' ही अधिकृत आवृत्ती १९९२ च्या अखेरीस आली. म्हणजे आम्ही ज्याला चोरीचा माल समजून हिणवलं असतं, त्यानं मूळ घरालाही वळण लावलं. मासिकं अशा बोर्डांबद्दल फार लिहीत नसत, आणि आमच्यासारखे लाखो लोक खेळले ते मात्र त्यांवरच.

आमच्यापर्यंत यातलं एकही मासिक तेव्हा आलं नाही. इंग्रजी संगणक मासिकांतून गेमबद्दल चार पानं यायची, ती घरच्या संगणकावरच्या गेमची. पेटाडाबद्दल चकार शब्द नाही. मराठीत तर या खेळांवर डाव समजावणारं कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तरी ज्ञान पसरलं. 'किंग ऑफ फायटर्स ९७' आला, मागून भाड्याच्या प्लेस्टेशनवर 'टेकन थ्री' आला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी निपाणीहून, कोल्हापूरहून, गोव्याला मामाकडे जाऊन एखादा डाव शिकून यायचा. लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, 'अर्सलान ॲश' या नावानं खेळणारा, २०१९ मध्ये जपान आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या 'इव्हो' स्पर्धांत टेकनचा विजेता झाला, तेव्हा जगाला धक्का बसला. मला बसला नाही. लाहोरच्या गल्ल्यांतली खेळघरं आमच्या बोळापेक्षा फार वेगळी नसणार. तोंडी विद्येतही वस्ताद घडतात. फक्त त्यांचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

शहापूरचा तो पोरगा शेवटी पाघळला. त्याला एकदा दोन प्लेट मिरची भजी चारली, तेव्हा दांडी दाखवली: खाली, तिरपी, पुढे. मी बसमध्ये बसल्याबसल्या कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानावर तीन बाण काढले आणि पुढे 'बु' लिहिलं. बुक्कीसाठी 'बु', लाथेसाठी 'ला'. पुढची दोन वर्षं ते पान भरत गेलं. गावातल्या पोरांनी त्यावरून आपापल्या वह्यांत उतरवून घेतलं, आणि उतरवताना दोन-तीन बाण चुकीचेही गेले. त्या चुकीच्या बाणांवर विश्वास ठेवून एक जण महिनाभर रोज एक रुपया घालवत होता, हे मला मागाहून समजलं. आमचंही एक मासिक होतं म्हणायचं, छापखाना नसलेलं, आणि त्यालाही आपला शेंग लाँग होताच.

ती वही माझ्याकडे आता नाही. घर रंगवताना रद्दीत गेली. पण बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड या पट्ट्यात तेव्हा खेळलेल्यांपैकी कुणाकडे अशी बाण काढलेली वही असेल, तर ती फेकू नका. निदान पानांचे फोटो काढून ठेवा, आणि खाली कुणी शिकवलं त्याचं नाव लिहा.